नस म्हणजे नेमकी कोणती? सलाईन निघाल्यावर दुखणाऱ्या हाताचा इतिहास



या मालेत आजवर आपण किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या, रसद आणि नकाशे यांवर बोललो. आजचं रणांगण फार लहान आहे. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, एवढंच. पण त्यावर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ मोहीम चालली आहे, आणि तिचा इतिहास बहुतेक वेळा सुई टोचणाऱ्यांनी लिहिला आहे. आज थोडं ज्याला टोचली त्याच्या बाजूने बघू.

प्रसंग तुमच्या घरात घडून गेलेला असणार. कुणाला डेंग्यू झाला, न्यूमोनिया झाला, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. चार-पाच दिवस इस्पितळात सलाईन. हातावर ती निळ्या नाहीतर गुलाबी टोपणाची नळी, जिला वॉर्डात कुणी व्हेनफ्लॉन म्हणतं, कुणी इंट्राकॅथ, आणि कागदावर कॅन्युला. घरी जायच्या सकाळी सिस्टर ती काढते, कापसाचा बोळा ठेवून पट्टी लावते, माणूस सुटतो. आणि दोन-तीन दिवसांनी हात दुखायला लागतो. शिरेच्या रेषेत लाली, हात लावला की ठणका, नंतर कातडीखाली सुतळीसारखी कडक दोरी. आजार बरा झाला आणि हात मागे राहिला. विचारायला गेलं तर उत्तर मिळतं, ‘होईल कमी.’ बहुतेकांचं होतंही. पण ते काय होतं, आणि ‘कमी होईल’ हे कुणाच्या बाबतीत म्हणू नये, हे कळायला वैद्यकाला फार वेळ लागला.

सुरुवात एका राजापासून करतो, कारण जुन्या काळात साध्या माणसाचा दुखरा हात कुणी नोंदवून ठेवत नसे.

फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स. कारकीर्द १५६० ते १५७४. त्याला ताप आला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे वैद्यांनी दंडाच्या शिरेतून रक्त काढायचं ठरवलं. काम हात बसलेल्या माणसाकडेच दिलं होतं. पातं टोचताक्षणी राजा ओरडला. हात सुजला, असा आखडला की वाकवता येईना आणि सरळही करता येईना, आणि वेदना टोचल्या जागेपुरती न राहता सगळ्या हातात पसरली. उपचाराला होता आम्ब्रोआज पारे. हा मूळचा न्हावी-शल्यक, तापलेल्या तेलाने जखमा डागण्याची पद्धत रणभूमीवर मोडीत काढणारा, चार राजांच्या पदरी राहिलेला फौजेचा माणूस. त्याने टर्पेंटाइनच्या तेलाचे शेक दिले, पट्ट्या बांधल्या आणि सगळं लिहून ठेवलं. राजाला तीन महिन्यांहून अधिक काळ हात नीट हलवता आला नाही. मग तो पूर्ण बरा झाला. पारेचं निदान असं, की पातं शिरेच्या शेजारच्या मज्जातंतूला लागलं.

इथे आपल्या मराठीचा एक घोटाळा सांगून ठेवायला हवा. आपण ‘नस’ म्हणतो. रक्ताची नळीही नस आणि मज्जातंतूही नस. ‘नस सापडत नाही’ असं सिस्टर म्हणते तेव्हा ती रक्तवाहिनी असते. ‘नस दबली’ असं कंबर धरून आपण म्हणतो तेव्हा ती मज्जारज्जूतून निघालेली तार असते. रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, सलाईनची नस दुखतेय.’ यातली कोणती? सगळी कथा या प्रश्नाभोवती फिरते. राजाची दुसरी दुखत होती. तुमची-माझी बहुतेक वेळा पहिली दुखते. दोन्हींचे उपाय वेगळे, धोके वेगळे.

आपल्याकडे हा फरक फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिराव्यधावर, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्यावर, एक सबंध अध्याय आहे. शरीरात सातशे शिरा मोजल्या आहेत आणि त्यांतल्या अठ्ठ्याण्णव टोचू नयेत असं बजावलं आहे. मला त्यातला सर्वांत कामाचा भाग वाटतो तो चुकलेल्या टोचणीचा. चुकीच्या टोचणीचे वीस प्रकार नावानिशी दिले आहेत. हत्यार बारीक, रक्त नीट आलं नाही, मागे वेदना आणि सूज राहिली, ती ‘दुर्विद्धा’. पुन्हा पुन्हा टोचलेली, ती ‘पुनःपुनर्विद्धा’. तिरपी गेलेली वेगळी, चेंगरलेली वेगळी. आणि शेवटच्या प्रकारात शीर सोडून स्नायू, हाड, सांधा, मर्म यांना लागलेली टोचणी. सैन्यात आम्ही प्रत्येक सरावानंतर काय बिघडलं याची यादी करतो, त्याला डीब्रीफिंग म्हणतात. या अध्यायाचा तो भाग मला तसाच वाटतो. लिहिणारा माणूस प्रत्यक्ष हात बघत होता, नंतरचा हातसुद्धा.

पण सुश्रुत काय, पारे काय, दोघांच्या काळी शिरेतून रक्त बाहेर काढायचं होतं. आत काही घालायची कल्पना यायला रक्त फिरतं हे आधी कळावं लागलं. विल्यम हार्वीचं पुस्तक १६२८ चं. त्यानंतर १६५६ साली ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर रेन या तरुणाने एका कुत्र्याच्या शिरेत अफूचं द्रावण सोडलं. नळी म्हणून पक्ष्याच्या पिसाचा दांडा आणि बाटली म्हणून जनावराचा फुगा. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारा वास्तुकार तो हाच. आजच्या सलाईनच्या सेटचं मूळ पीस आणि फुग्यात आहे. पुढे दहा-बारा वर्षांत कोकराचं रक्त माणसाला देण्यापर्यंत मजल गेली, माणसं दगावली, बंदी आली आणि प्रकरण थंडावलं.

रक्त काढणं मात्र चालूच होतं, आणि हात दुखणंही. जॉन हंटर हा लंडनचा नामांकित शल्यक. तोही फौजेतला. १७६१ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बेल-इल बेटावरील मोहिमेत त्याने जखमी सैनिकांवर उपचार केले होते. त्याचा एक निबंध १७९३ साली छापला गेला, विषय शिरांच्या आतल्या अस्तराचा दाह. रक्त काढल्यावर काही माणसांचा हात आणि काही घोड्यांची मान का सुजते, हा त्याचा प्रश्न. उत्तर असं, की दाह कातडीपुरता राहत नाही, शिरेच्या आतून पसरतो. आज ‘फ्लेबायटिस’ म्हणतात ते हेच. म्हणजे शिरेचं दुखणं स्वतंत्र आजार म्हणून वैद्यकाच्या वहीत चढलं ते रक्त काढण्याच्या जखमेवरून.

आता येतो कॉलरा, आणि इथे आपला देश कथेत शिरतो. १८१७ साली बंगालमधून निघालेल्या कॉलऱ्याच्या साथी व्यापाराच्या आणि लष्कराच्या वाटांनी पसरत गेल्या, आणि १८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या संडरलंड बंदरात रोग पोहोचला. तिथे तो बघायला गेला विल्यम ओशॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर. त्याने रुग्णांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, ते शिरेतून परत द्यावेत. त्याने सुचवलं, पण रुग्णावर केलं नाही. १८३३ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, गांजाच्या औषधी उपयोगावर काम केलं आणि मग हिंदुस्थानभर तारायंत्राचं जाळं उभारलं. १८५७ मध्ये इंग्रजांना ज्या तारांचा उपयोग झाला, त्यांच्यामागचा माणूस तो हाच. सलाईनची कल्पना आणि ती तार एकाच डोक्यातून निघाली, याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्याची सूचना प्रत्यक्षात आणली ती एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातल्या थॉमस लाट्टाने, मे १८३२ मध्ये. पहिली रुग्ण एक वयस्क बाई, सगळे उपाय थकलेली, नाडी लागत नव्हती. लाट्टाने तिच्या दंडाच्या बॅसिलिक शिरेत नळी घातली आणि औंसाऔंसाने खारट पाणी सोडत गेला. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग श्वास मोकळा झाला, बसलेले डोळे उजळले, नाडी परतली, हातपायांत ऊब आली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन लिटर पाणी आत गेलं होतं. बाई सुधारली म्हणून लाट्टा तिला इस्पितळाच्या शल्यकावर सोपवून गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, नळी पुन्हा जोडली गेली नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली. पुढच्या काही रुग्णांत त्याला यश आलं.

हा प्रसंग सलाईनच्या प्रत्येक इतिहासात असतो. पण लाट्टाच्या त्याच पत्रात एक वाक्यभर सूचना आहे, तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. एकाच छिद्रातून पुन्हा पुन्हा पाणी द्यावं लागतं, तेव्हा शिरेचा दाह टाळायचा तर तिला फार हळुवार हाताळावं, जखमेवर पोटीस बांधावं आणि तिच्यावर लक्ष ठेवावं, असं त्याने लिहिलं आहे. पहिल्याच मोहिमेत, मरणाच्या दारातल्या रुग्णांसमोर उभं असताना, या माणसाला हाताची काळजी होती. पुढच्या वर्षी लाट्टा स्वतः वारला, साथ ओसरली, पद्धत कित्येक दशकं अडगळीत पडली. हिंदुस्थानात कॉलऱ्यासाठी ती पुन्हा नेटाने वापरली लिओनार्ड रॉजर्सने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलकत्त्यातच.

शिरेत दोरी का तयार होते, हे समजावण्याचं श्रेय बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोकडे जातं. १८५६ च्या सुमाराच्या त्याच्या कामावरून पुढच्या पिढ्यांनी तीन कारणं त्याच्या नावाने बांधली: शिरेच्या भिंतीला इजा, रक्ताचा वेग मंदावणं, आणि रक्ताचं गोठण्याकडे झुकणं. आता आपल्या कॅन्युलाकडे बघा. टोक भिंतीला घासतंय, नळीने शिरेचा अर्धा रस्ता अडवलाय, आणि तापाने फणफणलेल्या माणसाचं रक्त आधीच गोठायला टपलेलं. तिन्ही एका जागी. वरून जहाल औषधं: पोटॅशियम, व्हँकोमायसिन, अमियोडॅरोन, आम्लधर्मी किंवा दाट द्रावणं. जाड शिरेत रक्ताचा लोंढा त्यांना पातळ करून नेतो, मनगटावरच्या बारीक शिरेत ती भिंतीलाच लागून राहतात. जळजळ होते ती त्यामुळे. नळी काढली तरी सोललेलं अस्तर आणि त्यावर बसलेली गुठळी जागेवरच असतात. मग शरीर आपल्या गतीने सफाई करतं. ठणका साधारण आठ-पंधरा दिवसांत उतरतो, दोरी मात्र काही आठवडे, कधी दोन-तीन महिने हाताला लागते.

ही झाली पहिली नस. दुसऱ्या नशीची कथा युद्धातून आली आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियामध्ये टर्नर्स लेन नावाचं लष्करी इस्पितळ खास मज्जातंतूंच्या जखमांसाठी चालवलं गेलं. सायलस वीअर मिचेल, जॉर्ज मोरहाऊस आणि विल्यम कीन हे तिथले डॉक्टर. १८६४ साली त्यांचं बंदुकीच्या जखमा आणि मज्जातंतू यांवरचं पुस्तक आलं. त्यात असे सैनिक आहेत ज्यांची जखम केव्हाच भरली आहे, पण हात आगीत धरल्यासारखा जळतो. ते हात सतत ओला ठेवत, पाण्याची बाटली आणि स्पंज बरोबर बाळगत. काहीजण बुटात पाणी ओतत. वर्तमानपत्राची सळसळ, कुणी खोलीतून चालत गेल्याचा हादरा, लष्करी बँडचा ढोल, यांनीही वेदना उसळे. मिचेलने पुढे याला ग्रीक शब्दांवरून ‘कॉझाल्जिया’ नाव दिलं, जळती वेदना. १९९४ पासून याच कुळातल्या दुखण्याला ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ म्हणतात. सुई टोचल्यानंतर ते क्वचितच होतं, पण होतं, आणि राजा चार्ल्सचा हात त्याचं जुन्यातलं जुनं उदाहरण म्हणून सांगितला जातो.

आता गंमत बघा. याच तिघांनी त्याच १८६४ साली आणखी एक लेख लिहिला, ढोंगी सैनिक कसे ओळखावेत यावर. लढाई टाळायला मज्जातंतूच्या दुखण्याचं सोंग करणारे ते ईथरची भूल देऊन पकडत असत. एकाच वॉर्डात, एकाच वर्षी, त्याच डॉक्टरांच्या हातून दोन्ही लिखाणं. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याने सोंगं काढणारे शंभर पाहिले, त्यालाच खरा जळणारा हात ओळखता येतो. हे मी पायदळात पाहिलं आहे. मॅलिंगरिंगचा शिक्का बसायला आमच्याकडे वेळ लागत नाही, आणि हात दुखतो म्हणून फायरिंगला न जाणारा जवान सुभेदारसाहेबांच्या मते सरळ कामचोर.

उत्तरेतल्या एका ठाण्यावर आमच्या तुकडीतला एक मुलगा, साताऱ्याकडचा, टायफॉइडने इस्पितळात राहून परतला. आठवड्याने रायफल उचलताना डाव्या हाताची तक्रार. बाहेरून काही दिसेना. ज्येष्ठांनी मान हलवली. तेव्हाचे आमचे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, एक तरुण कॅप्टन, त्यांनी त्याला एम. आय. रूममध्ये खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि त्याच्या हातावरून बोट फिरवत नेलं. मनगटापासून चार बोटं वर थांबले. मला म्हणाले, “सर, इथे बोट ठेवा.” कातडीखाली पेन्सिलच्या शिशासारखी टणक रेघ होती. “ही शीर बंद आहे. दोन आठवडे लाइट ड्यूटी. बोटं सगळी हलतात, मुंग्या नाहीत, म्हणून मला काळजी नाही.” मग मुलाला मराठीत, म्हणजे त्यांच्या पंजाबी मराठीत, “दुखताय, खरा आहे. पण जाईल.” मुलाच्या चेहऱ्यावर औषध मिळाल्यापेक्षा जास्त काहीतरी दिसलं. तीन आठवड्यांनी तो रेंजवर होता.

बोट फिरवायला किती वेळ लागला असेल? अर्धा मिनिट.

पुढे तंत्र धावत सुटलं. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डेच्या इस्पितळात वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या डाव्या कोपराच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांब लघवीची नळी आत सरकवली, तशीच घेऊन जिना उतरून एक्स-रे खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयात पोहोचल्याचं चित्र काढलं. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. १९५६ मध्ये त्याला दोघांबरोबर नोबेल मिळालं. दंडातून हृदयाजवळ नेऊन महिनोन्‌महिने ठेवायच्या आजच्या ‘पिक लाइन’चं मूळ त्या खटाटोपात आहे. तशी नळी काढल्यावर सगळा दंड सुजला, जड झाला, तर ती वरवरच्या शिरेची दोरी समजू नये. आतली मोठी शीर गुठळीने बंद झालेली असू शकते, आणि त्याला सोनोग्राफी आणि औषध लागतं, शेक नाही.

आपल्या हातावरच्या साध्या नळीचा जन्म १९५० चा. त्याआधी पोलादी सुई असे. हात लाकडी फळीला बांधून ठेवत, रुग्ण जरा हलला की सुई शिरेच्या आरपार. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये भूलशास्त्र शिकणारा डेव्हिड मासा याने सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवली. सुईने वाट करायची, नळी पुढे सरकवायची, सुई बाहेर. फळी गेली, हात मोकळा झाला. मोठीच सोय. पण पोलादी सुई तासांची पाहुणी होती, प्लॅस्टिकची नळी दिवसांची बिऱ्हाडकरू झाली. रुग्णाला उठता-बसता आलं आणि त्या मोबदल्यात शिरेला मुक्काम सोसावा लागला. मग नळी कशाची असावी यावर चाळीस वर्षं गेली. पीव्हीसी, टेफ्लॉन, पॉलियुरेथेन. १९९१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या इस्पितळातला हजाराहून अधिक कॅन्युलांचा अभ्यास छापून आला. शरीराच्या उबेने मऊ होणाऱ्या पॉलियुरेथेनने दाह कमी होतो, हे त्यात दिसलं. आणि चौथ्या दिवसापर्यंत दाहाची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते, हेही.

कॅन्युला दर तिसऱ्या दिवशी बदलायचाच, अशी शिस्त होती. म्हणजे चांगला चालणारा काढा आणि नवी शीर टोचा. सुश्रुताच्या यादीतली पुनःपुनर्विद्धा, आता नियमाने. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या तीन इस्पितळांतला ३२८३ रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांचे कॅन्युले दर तिसऱ्या दिवशी बदलले, निम्म्यांचे फक्त कारण दिसलं तर. दोन्ही गटांत दाह सारखाच, सात टक्के. विस्कॉन्सिनचे पन्नास आणि इथले सात, एवढा फरक कसा? काळ, नळी, औषधं बदललेली होतीच, शिवाय दाह कशाला म्हणायचं याच्या व्याख्याही अभ्यासागणिक वेगळ्या असतात. मला त्यातून एवढंच दिसतं, की घड्याळापेक्षा हात बघितलेला बरा. इंग्लंडमधल्या अँड्र्यू जॅक्सन या परिचारकाने १९९८ मध्ये शून्य ते पाच अशी एक मोजपट्टी प्रचारात आणली. तिच्यात सुरुवातीच्याच खुणा आहेत, टोचल्या जागी किंचित दुखणं, किंचित लाली. सूज आणि दोरी नंतर येतात. रुग्ण दुखतं म्हणतोय, तीच पहिली सूचना.

माझा अनुभवही सांगतो. करोनाच्या आधीच्या पावसाळ्यात दक्षिणेतल्या एका शहरात डेंग्यूने पाच दिवस पडून होतो. डाव्या हाताला निळी नळी. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कोपराखाली लाल पट्टा, आठवड्याने दोरी. डिस्चार्ज कार्डावर प्लेटलेटचे रोजचे आकडे होते, हिमोग्लोबिन होतं, आहाराचा सल्ला होता. हाताबद्दल ओळ नव्हती. नळी काढल्यावरही ४८ तास त्या जागेवर लक्ष ठेवावं, असं या विषयातले जाणकार सांगतात. पण ४८ तासांनी माणूस घरी, गादीवर, आणि ज्या सिस्टरने ती काढली ती दुसऱ्या पाळीत. लक्ष कोण ठेवणार? ही कुणा एकाची कसूर नाही. नोंदवहीत रकाना नसला की दुखणं अस्तित्वात नसतं. दोरीसाठी मला डॉक्टरांनी कोमट शेक, हेपरिनचं मलम आणि हात उशीवर उंच ठेवायला सांगितलं. चोळायचं नाही, असं बजावलं. आमच्या घरात तेल घेऊन बसलेल्यांना ते जड गेलं.

घरच्यांनी बघायच्या खुणाही त्यांनी नीट सांगितल्या, त्या जशाच्या तशा देतो. लाली वर चढत चाललेली, ताप, टोचल्या जागी पू, सगळा हात सुजून जड होणं, धाप लागणं, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. विजेचा झटका बसल्यासारखी कळ, मुंग्या, बधिरपणा, बोटांतला जोर जाणं असेल तर ती दुसरी नस. अंगठ्याच्या बाजूचं मनगट आणि कोपराच्या आतली बाजू इथे शिरेला लागूनच मज्जातंतू धावतात. सुई जाताना असा झटका बसला तर तिथल्या तिथे ओरडायला लाजू नये. राजासुद्धा ओरडला होता.

आणि एक आपल्या सवयीबद्दल. गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल’ म्हणणारे तुम्हीही पाहिले असतील, बडोद्यापासून हैदराबादपर्यंत सगळीकडे. पाचशे मिलिलिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तेवढ्यासाठी शीर द्यायची? १९७१ च्या युद्धाचा अभ्यास आम्हा फौजी लोकांना ढाक्यापर्यंतच्या मुसंडीसाठी करायला लावतात. त्याच वर्षी सीमेवरच्या बनगावात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून लोकांना प्यायला दिलं. नातेवाईकच पाजत होते. छावणीतलं तीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ओशॉनेसीने सांगितलेले पाणी आणि क्षार तेच, फक्त वाट तोंडाची. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं.

बंद झालेली शीर कधी आतून पुन्हा मोकळी होते, कधी होत नाही. शेजारच्या शिरा तिचं काम उचलतात, हाताचं काही अडत नाही. परवा रक्त तपासायला गेलो होतो. प्रयोगशाळेतल्या मुलीने डाव्या हाताला पट्टा बांधला, बोटाने चाचपलं, कोपराखाली जरा थांबली. “काका, इथे आधी सलाईन होतं का?” म्हणाली, आणि उजवा हात पुढे करायला सांगितला.